हाका : रताळ्यांच्या पेवातून पडद्यावर

खेळावरच्या परदेशी सिनेमात हाका, म्हणजे न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा आरोळ्यांसह करायचा समूहनाच, आला की दृश्य कसं असणार हे आता पाठ झालंय. न्यूझीलंडच्या रग्बी संघाची काळ्या जर्सीतली रांग, मांड्यांवर पडणाऱ्या थापा, वटारलेले डोळे, बाहेर काढलेली जीभ, आणि समोर नायकाच्या संघाचे उतरलेले चेहरे. प्रेक्षकानेही जरा दचकावं अशी अपेक्षा असते. गंमत अशी की यातला सर्वांत प्रसिद्ध हाका, 'का माते', रचला तो जीव मुठीत धरून लपलेल्या माणसाने. (मराठी कानाला हा शब्द 'हाक'चं अनेकवचन वाटतो. संबंध काही नाही, पण जुळणी वाईट नाही.)

गोष्ट साधारण १८२० ची. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरींपैकी नाती तोआ या जमातीचा प्रमुख ते राउपाराहा याच्या मागे शत्रू लागले होते. रोतोआइरा सरोवरापाशी ते फारेरांगी नावाच्या प्रमुखाने त्याला रताळी साठवायच्या पेवात उतरवलं आणि वर आपल्या बायकोला, ते रांगिकोआएआला, बसवलं. शोधणारे आले आणि हात हलवत गेले. आत अंधारात हा पुटपुटत होता: 'का माते, का माते', म्हणजे मेलो, मेलो, मग 'का ओरा, का ओरा', जगलो, जगलो. पुढे एका केसाळ माणसाचा उल्लेख येतो. तो म्हणजे आसरा देणारा फारेरांगीच, असं सांगतात. शेवटी पायरी पायरी वर चढणं आणि डोळ्यांवर आलेला सूर्य.

हाका म्हणजे युद्धनृत्य हे समीकरण अर्धवट आहे. शस्त्र घेऊन करायच्या प्रकाराला 'पेरुपेरू' असं वेगळं नाव आहे. बाकी हाका पाहुण्यांच्या स्वागताला होतो, लग्नात होतो, मयताला होतो, आणि बायकाही तो करतात. माओरी कथेत सूर्य आणि ग्रीष्मकन्या हिने-राउमाती यांचा मुलगा ताने-रोरे आईसाठी नाचतो. तापलेल्या जमिनीवर हवा थरथरताना दिसते तो त्याचा नाच. हाकातली हातांची थरथर, 'विरी', तिथून आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत हाना-राफिती माइपी-क्लार्क या तरुण खासदाराने विधेयकाची प्रत फाडून 'का माते' सुरू केला, तो व्हिडिओ आपल्याकडेही अनेकांनी पाहिला. तिथे कुठला सामना होता?

सिनेमाने मात्र हाका उचलला तो रग्बीच्या मैदानावरून. १८८८-८९ मध्ये बहुसंख्य माओरी खेळाडूंचा 'नेटिव्ह' संघ ब्रिटनला गेला आणि तिथल्या प्रेक्षकांपुढे हाका करू लागला. १९०५ च्या दौऱ्यात राष्ट्रीय संघाने 'का माते' म्हटला. कार्डिफला वेल्सच्या खेळाडूंनी उत्तरादाखल आपलं राष्ट्रगीत गायलं. पण पुढची कितीतरी वर्षं हाका बहुतेक परदेश दौऱ्यांपुरता होता, आणि तोही यथातथाच. १९७३ च्या बार्बेरियन्स या निमंत्रित खेळाडूंच्या संघाविरुद्धच्या सामन्याचं चित्रीकरण पाहावं: कुणाचा हात कुठे, कुणाचा पाय कुठे. करायचा तर नीट करायचा, हा आग्रह १९८७ च्या सुमारास वेन 'बक' शेलफर्ड आणि हिका रीड या माओरी खेळाडूंनी धरला. आज पडद्यावर 'प्राचीन' म्हणून दिसणारी ती एकसंध, कडक मांडणी अशी चाळीसेक वर्षांची आहे.

शिवाय सगळे माओरी एक नव्हेत. ते राउपाराहाने दक्षिण बेटावरच्या नाई ताहू जमातीची मोठी कत्तल केली होती. त्यांच्यातल्या काहींना 'का माते' आजही सहज ऐकवत नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय संघासाठी डेरेक लार्डेली यांनी 'कापा ओ पांगो' हा नवा हाका रचला. त्यातल्या गळ्याजवळच्या हाताच्या हालचालीवरून परदेशी पत्रकारांनी 'गळा चिरण्याची खूण' म्हणून ओरड केली. लार्डेली यांचं म्हणणं, तो प्राणशक्ती हृदयात आणि फुप्फुसांत ओढून घेण्याचा आविर्भाव आहे.

'इन्व्हिक्टस' (२००९) मधला हाका मला आदरपूर्वक चित्रित केलेला वाटतो. थट्टा नाही, उगाच रानटीपणा नाही. पण ती गोष्ट मंडेला आणि दक्षिण आफ्रिकेची, १९९५ च्या रग्बी विश्वचषकातल्या न्यूझीलंडविरुद्धच्या अंतिम सामन्याची. त्यामुळे हाका तिथे दिसतो तो समोरच्याच्या नजरेतून, पार करायचा अडथळा म्हणून. 'फॉरेव्हर स्ट्राँग' (२००८) मध्ये सॉल्ट लेक सिटीचा शालेय रग्बी संघच हाका करतो. त्या शहरात पॉलिनेशियन, म्हणजे पॅसिफिक बेटांवरून आलेल्या, कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तेव्हा हाका तिथे अगदी उपरा नाही. तरी सामोआचा सिवा ताउ, टोंगाचा सिपी ताउ आणि फिजीचा थिंबी हे सगळं 'हाका' या एकाच नावाखाली लोटण्याची परदेशी सवय चीड आणणारी आहे. प्रत्येकाची भाषा वेगळी, रचना वेगळी.

वाद पेटला तो मात्र एका जाहिरातीवरून. २००६ मध्ये इटलीच्या फियाट कंपनीने मोटारीच्या जाहिरातीत काळ्या कपड्यांतल्या बायकांकडून 'का माते' करवून घेतला. माओरी कलावंत घ्या, असं न्यूझीलंडच्या अधिकाऱ्यांनी सुचवलं होतं. कंपनीने ते मनावर घेतलं नाही. त्याच वर्षी 'का माते' ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्याचा नाती तोआचा प्रयत्नही फसला.

अखेर २०१४ मध्ये न्यूझीलंडने 'का माते'च्या श्रेयाचा स्वतंत्र कायदा केला. प्रत्यक्ष सादरीकरण, शिक्षण, समीक्षा, बातम्या यांना तो लागू नाही. पण 'का माते' असलेला चित्रपट लोकांना दाखवायचा, तर ते राउपाराहा त्याचे रचनाकार आणि नाती तोआ रांगातिराचे (हे नाती तोआचं पूर्ण नाव) प्रमुख होते, हे प्रेक्षकाच्या नजरेला पडेल असं सांगावं लागतं. परवानगी नको, मानधन नको. न सांगितल्यास दंडही नाही; जमातीचे प्रतिनिधी न्यायालयाकडून फक्त तसा निवाडा मागू शकतात. न्यूझीलंडच्या हद्दीबाहेर तर एवढंही नाही. तिथे ही ओळ श्रेयनामावलीत घालायची की नाही, हे निर्मात्याच्या मर्जीवर आहे.