'वेटिंग कितवं आहे?' हा प्रश्न अमेरिकेच्या वेटलिस्टला लागू नाही

मार्चअखेर अमेरिकेतल्या नावाजलेल्या कॉलेजांचे निकाल लागले, की दर वर्षी तेच सुरू होतं. पोर्टलवर 'वेटलिस्ट' दिसतं आणि घरातून पहिला प्रश्न येतो, "कितवा नंबर?" पाठोपाठ कोणीतरी सांगतं, "वेटिंग आहे ना, मग होईल कन्फर्म, थांबा." या सल्ल्यापायी मुलांची हातातली कॉलेजंसुद्धा जातात. शब्द सारखा आहे, पण आपली वेटिंग लिस्ट आणि तिकडची वेटलिस्ट या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपली सगळ्यांना पाठ आहे. डब्ल्यूएल १२ असेल तर पुढची तिकिटं रद्द होतील तसा नंबर सरकतो, आरएसी होतं, चार्ट लागला की कळतं. कॅप राउंडला मेरिट नंबर आणि पसंतीक्रम असतो. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाच्या जोसात 'फ्लोट' घेतलं की हातची जागा राहते आणि वरची पसंती लागली तर यंत्रणाच तिकडे हलवते. क्रम ठरलेला, तो आपल्याला माहीत, आणि रांग आपोआप पुढे सरकते.

तिकडे बहुतेक निवडक कॉलेजांत रांगच नसते. नसलेल्या रांगेत आपला नंबर कितवा, हे कोणीच सांगू शकत नाही.

कारण कळायला प्रवेश समितीचं काम जवळून बघावं लागतं. समजा, एका कॉलेजला पहिल्या वर्षाला १,६०० मुलं हवीत. प्रवेश मिळालेले सगळेच येत नाहीत, म्हणून ते अंदाज बांधून बऱ्याच जास्त मुलांना होकार कळवतात. १ मे ही बहुतेक कॉलेजांची पैसे भरून जागा पक्की करण्याची शेवटची तारीख. २ मेला मोजलं तर १,५६० भरले. चाळीस कमी पडले, पण त्या चाळीस जागा एकसारख्या नसतात. इंजिनीअरिंग भरून वाहतंय, लॅटिन-ग्रीकच्या विभागात कोणी नाही, वाद्यवृंदात ओबो वाजवणारा यंदा पदवी घेऊन बाहेर पडला, आर्थिक मदतीची तरतूद संपत आलीय. समिती वेटलिस्टच्या गठ्ठ्यातून त्या-त्या जागी बसणारी फाइल काढते. म्हणून तुमच्या मुलीपेक्षा कमी गुणांच्या मुलाला निरोप येऊ शकतो, आणि तो वशिला नसतो. अंदाज तंतोतंत उतरला तर त्या वर्षी वेटलिस्टमधून एकही मूल घेत नाहीत. चुकला तर शे-दोनशे जणांनाही बोलावतात. शेजारच्यांच्या मुलाचं मागच्या वर्षी झालं, यावरून यंदाचं काहीच ठरत नाही.

हे कॉलेजगणिक तपासता येतं. बरीच कॉलेजं दर वर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाची पीडीएफ प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे शब्द टाकून शोधा, सी-२ हा भाग उघडा. किती जणांना वेटलिस्ट दिली, किती जणांनी ती स्वीकारली, शेवटी किती घेतले आणि यादी क्रमवार आहे का, हे सगळं तिथे असतं. एकच साल बघून आशा धरू नका, तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवा. वेटलिस्ट हजारांची आणि घेतलेले शून्य किंवा दहा-पंधरा, असं वारंवार दिसलं तर घरात त्या कॉलेजची चर्चा थांबवलेली बरी.

वेटलिस्टशी गल्लत होते असा आणखी एक शब्द म्हणजे डिफर. नेहमीच्या फेरीआधीच्या 'अर्ली' फेरीत अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये डिफर आलं, म्हणजे फाइल नेहमीच्या फेरीत ढकलली आणि मार्चमध्ये पुन्हा निकाल लागेल. वेटलिस्ट मात्र मार्चच्या निकालानंतरची गोष्ट आहे. प्रवेश मिळाल्यावर एक वर्ष उशिरा जाण्यालाही डिफर म्हणतात, ते तिसरंच.

रांग नाही म्हटल्यावर वागणंही बदलावं लागतं. रेल्वेत तिकीट काढलं की आपलं काम संपतं. इथे बहुतेक ठिकाणी पोर्टलवर जाऊन 'मला यादीत राहायचं आहे' असं स्वतः कळवावं लागतं आणि त्याला मुदत असते. कळवलं नाही तर नाव गेलं. निकालाच्या पत्रात हे खालच्या परिच्छेदात असतं आणि दुःखाच्या भरात तिथपर्यंत कोणी वाचत नाही.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते १ मेला. वेटलिस्टवर आहोत म्हणून कुठेच पैसे न भरता थांबणं हा आत्मघात आहे. ज्या कॉलेजांनी होकार दिलाय त्यांतलं एक निवडा आणि मुदतीत डिपॉझिट भरा. ते साधारण काही शे डॉलर असतं आणि सहसा परत मिळत नाही. पुढे वेटलिस्ट उघडली तर तेवढे सोडावे लागतील, हे धरूनच चाला. एका ठिकाणी डिपॉझिट आणि दुसऱ्याच्या वेटलिस्टवर नाव, हे पूर्ण नियमात बसतं. नियमात बसत नाही ते दोन कॉलेजांत डिपॉझिट भरणं. ते उघडकीला आलं तर दोन्ही प्रवेश रद्द होऊ शकतात. लोक नेमकं या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि घाबरून तरी बसतात किंवा दोन्हीकडे पैसे भरून मोकळे होतात. बँकेतून परदेशी रक्कम पोहोचायला काही दिवस लागतात, तेव्हा २९ एप्रिलला सुरुवात करू नका.

मग पत्र. 'लेटर ऑफ कंटिन्यूड इंटरेस्ट', म्हणजे अजूनही यायची इच्छा आहे असं कॉलेजला कळवणारं पत्र, एका पानाचं, तीनशे-साडेतीनशे शब्दांचं, आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेलं असावं. प्रवेश दिलात तर मी नक्की येईन, हे खरं असेल तरच लिहावं आणि एकाच कॉलेजला लिहावं. त्यानंतर अर्ज पाठवल्यावर घडलेलं नवं सांगावं: प्रिलिमचे गुण, पूर्ण झालेला प्रकल्प, मिळालेलं बक्षीस. जुना निबंध पुन्हा सजवून पाठवू नये, निकालाबद्दल तक्रार करू नये. कॉलेजने 'जादा काही पाठवू नका' म्हटलं असेल तर काहीही पाठवू नका. आईवडिलांचे फोन, आमदार-खासदारांची शिफारस, संस्थाचालकांचं पत्र यांनी काही साधत नाही, उलट सूचना न पाळणारं घर म्हणून लक्षात राहता.

आपल्या मुलांना एक फायदा मात्र आहे. बारावीचे निकाल नेमके वेटलिस्ट हलायच्या सुमारास लागतात. २०२५ मध्ये राज्य मंडळाचा निकाल ५ मेला आणि सीबीएसईचा १३ मेला लागला. शाळेच्या अंदाजापेक्षा गुण बरे असतील तर आपल्या शाळेमार्फत किंवा ज्युनिअर कॉलेजमार्फत गुणपत्रिका त्याच दिवशी पाठवा. आयबी या आंतरराष्ट्रीय मंडळाचे गुण जुलैत येतात, तोवर बरंचसं ठरून गेलेलं असतं.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मार्चपर्यंत गरज न बघता प्रवेश देणारी काही कॉलेजं वेटलिस्टच्या वेळी मात्र कुटुंबाची ऐपत बघतात. म्हणून काही सल्लागार मदतीची मागणी मागे घ्यायला सांगतात. खर्च खरंच झेपणार नसेल तर हे करू नका. प्रवेशाच्या वेळी मदत न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्याला नंतर ती देत नाही, असा बऱ्याच कॉलेजांचा नियम असतो. मग चार वर्षं कर्जावर काढावी लागतात.

निरोप आला तर उत्तराला मुदत अगदी कमी, कधी दोन-तीन दिवस. न्यूयॉर्कच्या घड्याळाचे दुपारचे दोन म्हणजे मे महिन्यात आपल्याकडचे रात्रीचे साडेअकरा, तेव्हा फोन सायलेंटवर टाकून झोपू नका आणि रोज स्पॅमही बघा. 'हो' म्हणण्याआधी मदतीचा आकडा लेखी मागा. 'हो' म्हटल्यावर पहिल्या कॉलेजला त्याच दिवशी ईमेलने कळवा.

नंतरची घाई व्हिसाची. पहिल्या कॉलेजच्या आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा दाखला) व्हिसाची प्रक्रिया सुरू झाली असेल तर नव्या कॉलेजचा आय-२० घ्यावा लागेल, आणि त्यावर एन अक्षराने सुरू होणारा सेव्हिस क्रमांक (परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदणीचा) वेगळा असेल. आधी भरलेली ३५० डॉलरची सेव्हिस फी लगेच दुसऱ्यांदा भरू नका, ती नव्या क्रमांकावर वर्ग करून घेता येते. डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात कॉलेजचं नाव आणि हा क्रमांक दोन्ही बदला. शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र कॉलेजच्या नावाने निघतं, तेही नव्याने काढावं लागेल; बँकेतल्या अधिकाऱ्यांना ही शक्यता एप्रिलमध्येच सांगून ठेवा. आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला जाताना फाइलमध्ये नवाच आय-२० असू द्या, जुना घरी ठेवा.