पौंडांचा आकडा आणि कालवांची धार

रत्नागिरीत काजळी नदी जिथे समुद्राला मिळते, त्या भाट्ये खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली की गरवायला बसलेली माणसं दिसतात. काहींच्या रिळावर काचेसारखा पारदर्शक तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकसंध दोरा असतो. काहींच्या रिळावर हिरवा नाहीतर पिवळा, सुतासारखा मऊ ब्रेडेड दोरा. (दुकानात नुसतं ‘ब्रेड द्या’ म्हटलं की हमखास विनोद होतो, म्हणून मी ‘ब्रेडेड’ म्हणतो.) दोन्ही बाजूंची मतं पक्की असतात आणि वाद मासे लागत नसले की जास्त रंगतो.

मी ब्रेडेडवाल्यांत गेलो तो खोक्यावरचा आकडा बघून. माझ्या जुन्या तंगूसावर 12 पौंड (किती वजनाला तुटेल तो आकडा) लिहिलेलं होतं, नव्या दोऱ्यावर 30, आणि जाडी जवळपास तेवढीच. मग मागे वळून कोण बघतो? पहिल्याच आठवड्यात एक चांगली तांबोशी लागली. ती सरळ खडपाकडे पळाली, दोरा कालवांवरून घासला आणि काठीचा बाक एकदम सरळ झाला. ओढून घेतलेल्या टोकाला पिंजलेल्या कापसासारखी गोंडी आली होती. बाजूला बसलेले आमच्या आळीतले काका एवढंच म्हणाले, “तिकडे कालवं आहेत, ती पौंड वाचत नाहीत.”

त्या गोंडीत सगळं विज्ञान आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरू करू.

ब्रेडेड दोरा म्हणजे 4 किंवा 8 पेडांची वेणी. प्रत्येक पेडात अतिशय बारीक तंतू असतात. आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक, एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. हा तंतू ओढायला गेलात तर त्याच वजनाच्या पोलादी तारेला भारी पडतो. बुलेटप्रूफ जॅकेटं यापासून बनतात. पण कालवाच्या शिंपल्याची धार त्याला ओढत नाही, एकेक करून कापते. दहा तंतू गेले की उरलेल्यांवर ताण वाढतो, मग पुढचे वीस जातात. तंगूस मात्र एकसंध असतो. त्यावर ओरखडा उठतो, साल निघते, पण आतला गाभा काही काळ तग धरतो. शिवाय 30 पौंडी तंगूस मुळात 30 पौंडी ब्रेडेडच्या दुप्पट जाड, म्हणजे धारेला कापायला ऐवजही जास्त. कालवांना खरंच पौंड वाचता येत नाहीत.

ब्रेडेड दोरा कशाचा असतो हे कळल्यावर मला हसू आलं होतं. पॉलिथिनचा. भाजीची पिशवी ज्या कुळातली, त्याच कुळातला. पिशवी बोटाने ताणली तर फाटते आणि हा दोरा बोट कापतो, असं का? फरक आहे रेणूंच्या लांबीत आणि शिस्तीत. पॉलिथिनचा रेणू म्हणजे एक लांबलचक साखळी. पिशवीत या साखळ्या तुलनेने आखूड असतात आणि शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. दोऱ्यासाठी वापरतात ते पॉलिथिन कितीतरी लांब साखळ्यांचं, रेणूभार काही दशलक्षांच्या घरात. पण नुसत्या लांब साखळ्यांनी काम भागत नाही, कारण जितकी लांबी जास्त तितका गुंता मोठा. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी 1970च्या दशकाच्या शेवटी यावर तोड काढली. हे पॉलिथिन भरपूर द्रावकात विरघळवायचं, म्हणजे शेवया सुट्या होतात. मग त्या पातळ जेलचे धागे काढायचे आणि ते मूळ लांबीच्या कितीतरी पट खेचायचे. खेचता खेचता साखळ्या जवळजवळ सगळ्याच धाग्याच्या दिशेने सरळ उभ्या राहतात. डायनीमा या नावाने विकला जातो तो हाच धागा.

आता ज्या साखळ्या आधीच सरळ ताणलेल्या आहेत, त्या आणखी किती ताणणार? ब्रेडेड दोरा तुटेपर्यंत जेमतेम 3-4 टक्के लांबतो.

नायलॉनची गोष्ट वेगळी. अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत 28 फेब्रुवारी 1935 रोजी ते पहिल्यांदा बनलं. पायमोजे गाजले खरे, पण नायलॉन बाजारात पहिल्यांदा आलं ते 1938 साली टूथब्रशच्या केसांच्या रूपात. तो केस म्हणजे एकसंध नायलॉनचा जाड तंतूच, आपल्या तंगूसाचा थोरला भाऊ म्हणा. नायलॉन वितळवून बारीक छिद्रातून काढतात आणि काही पट ताणतात. त्यात काही भागांत साखळ्या नीट रांगेत असतात, तर काही भागांत सैल वेटोळी तशीच राहतात. दोरा ओढला की ही वेटोळी आधी उलगडतात. म्हणून चांगला तंगूस तुटण्याआधी 20-30 टक्के लांबतो.

खोक्यावरचा पौंडांचा आकडा सांगतो की हळूहळू वजन वाढवत नेलं तर दोरा कुठे तुटेल. मासा हळूहळू वजन वाढवत नाही. मासा झटका देतो, आणि झटक्यात महत्त्वाची ठरते ती दोरा किती ऊर्जा पोटात घेतो ही गोष्ट. म्हणजे बळ आणि लांबणं, दोन्ही मिळून. तेवढ्याच उंचीवरून गादीवर पडणं आणि फरशीवर पडणं यांत जो फरक, तोच इथे. काठाशी आलेला खजुरा (रायगडातला जिताडा) पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो, तेव्हा तंगूस गादीचं काम करतो. ब्रेडेड ही फरशी. सगळा हिसका गाठीवर, गरीवर आणि माशाच्या ओठावर जातो. मग गाठ तरी सुटते, गरी सरळ होते, किंवा ओठ फाटून मासा निघून जातो. म्हणून ब्रेडेडवाल्यांनी काठी जरा लवचीक घ्यावी आणि रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटताना त्याला धरणारा ब्रेक, सैल ठेवावा. जी गादी दोऱ्यात नाही ती दुसरीकडून आणायची.

हेच लांबणं उलट बाजूने नडतंही. समजा गरी तुमच्यापासून 40 मीटर दूर आहे, मासा टोचला आणि तुम्ही काठीला झटका दिलात. तेवढ्या ताणाला तंगूस 5 टक्के लांबला तर 2 मीटर नुसता दोराच लांबतो. काठीचं टोक मागे येतं जेमतेम दीड मीटर. म्हणजे गरी जागची फारशी हललीच नाही. ब्रेडेड 1 टक्का लांबला तर 40 सेंटीमीटर जातात, बाकीचा झटका माशाच्या तोंडापर्यंत पोचतो. पोचण्याचं काम उलटंही चालतं. तळाशी शिसं खडकाला टेकलं की वाळूला, कोळंबीला शेंगटी नुसतं हुंगतेय की तोंडात घेतेय, हे ब्रेडेडवर बोटाला कळतं. तंगूसाची सवय असलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हे जरा भुताटकीसारखं वाटतं.

ओढीच्या पाण्यात तर ब्रेडेडचा हिशोब सरळच आहे. 30 पौंडी तंगूस साधारण 0.55 मिलिमीटर जाड असतो, तेवढ्याच ताकदीचा ब्रेडेड 0.28च्या आसपास. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी दोऱ्याला आडवं ढकलतं. जाडी निम्मी झाली की पाण्याला ढकलायला जागाही निम्मी उरते, आणि शिसं हलकं चालतं. रिळावर मावणारी लांबी मात्र जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे त्याच रिळावर जवळजवळ चौपट दोरा. फक्त तो थेट गुळगुळीत रिळावर गुंडाळू नका. पॉलिथिन इतकं निसरडं असतं की सगळा गुंडा रिळावर फिरत राहतो आणि ड्रॅग बिघडलाय असं वाटून माणूस मेकॅनिककडे जातो. आधी चार वेढे तंगूसाचे द्यावेत. हा निसरडेपणा किती, तर याच अतिलांब साखळ्यांच्या पॉलिथिनची वाटी जॉन चार्नली यांनी 1962 साली खुब्याच्या कृत्रिम सांध्यात बसवली, आणि आजही गुडघा बदलतात तेव्हा दोन धातूंच्या मध्ये हेच असतं. साहजिकच तंगूसाची नेहमीची गाठ ब्रेडेडवर मारली की ती हळूच सरकत सुटते. दोरा दुहेरी करून मारायची पालोमार गाठ त्याला बरी.

पाण्याशी दोघांचं वागणंही निरनिराळं. नायलॉन पाणी पितं. पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्यांमधल्या हायड्रोजन बंधांत शिरतात, दोरा मऊ पडतो, थोडा जास्त लांबतो आणि थोडी ताकदही गमावतो. रिळावर राहून स्प्रिंगसारखा झालेला तंगूस कोमट पाण्यात बुडवून ठेवला की सरळ होतो, तो याच कारणाने. पॉलिथिन पाण्याला दारातही उभं करत नाही. त्याची घनता 0.97, म्हणून ते तरंगतं, नायलॉनची 1.14, ते सावकाश बुडतं. उन्हाने नायलॉन ठिसूळ होतो, त्यामुळे वर्षभर गच्चीत पडलेला तंगूस वापरू नये, एवढं पुरे.

दिसण्याचा मुद्दा ऋतूवर आहे. पावसाळ्यात खाडी चहासारखी असते, तेव्हा दोरा कुठल्याही रंगाचा चालतो. दिवाळीनंतर पाणी निवळतं आणि अपारदर्शक ब्रेडेड माशाच्या नजरेत भरतो. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) 1.33, नायलॉनचा 1.53च्या जवळ, आणि फ्लुओरोकार्बन नावाच्या तिसऱ्या दोऱ्याचा 1.42. पाण्याच्या आकड्याशी जितकी जवळीक, तितका प्रकाश कमी वाकतो आणि दोरा कमी दिसतो.

तांबोशी गेल्यापासून माझ्या रिळावर ब्रेडेडच आहे, पण शेवटचे दोन हात जाड तंगूस असतो, त्याला लीडर म्हणतात. खडप, कालवं आणि खजुऱ्याच्या कल्ल्यावरची पात्यासारखी धार यांच्याशी गाठ पडते ती याच दोन हातांची. दोघांना जोडायला एफजी गाठ मारतो. तिच्यात तंगूसाला गाठ पडतच नाही. ताणून धरलेल्या तंगूसावर ब्रेडेड एकदा वरून, एकदा खालून असा वीसेक वेळा आवळत न्यायचा, चटई विणल्यासारखा. ओढ वाढली की विणीची मिठी घट्ट होते आणि बारीक ब्रेडेड मऊ नायलॉनमध्ये रुततो. आवळण्याआधी थुंकीने ओलं करायचं, कारण हे पॉलिथिन 145-150 अंशांनाच वितळतं आणि कोरड्या गाठीत घासून उष्णता होते. आणि अडकलेली गरी सोडवताना ब्रेडेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, काठीला गुंडाळा. माझ्या तर्जनीवरची रेघ अजून गेलेली नाही.

काका अजून तंगूसच वापरतात, रीळ नाही, हातानेच. प्रत्येक मासा काढल्यावर ते शेवटचा हातभर दोरा दोन ओठांमधून सावकाश ओढतात. बोटांना न कळणारी खरखर ओठांना कळते. लागली की तेवढा तुकडा तोडून शर्टाच्या खिशात टाकतात, कारण इथेच एकदा त्यांनी बगळ्याच्या पायातून असाच तुकडा सोडवला होता. मग नवी गाठ मारतात, आणि त्यांची गरी माझ्याआधी पाण्यात असते.