ट्रॅकिंगच्या विंडोत नक्की काय बघायचं?

(आमच्याकडून एडिटिंगचं मशीन घेतलेल्या ग्राहकांसाठी)

मशीन घरी नेलं की पंधरा-वीस दिवसांत फोन येतो, "ट्रॅकिंग होतच नाही, पॉइंट पळतोय." ट्रॅकिंग म्हणजे चित्रातल्या एखाद्या खुणेवर मार्कर टाकायचा आणि ती खूण फ्रेममागून फ्रेम कुठे सरकते ते सॉफ्टवेअरला शोधायला लावायचं. रिमोटवर बघितलं तर मशीन ठणठणीत असतं, ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर, म्हणजे ब्लेंडर, तेही बरोबर चाललेलं असतं. अख्खी फ्रेम मावेल एवढी बारीक करून मार्कर टाकलेले असतात, एवढंच. 4के फुटेज 1080च्या मॉनिटरवर पूर्ण पसरलं तरी मूळचे चार पिक्सेल एकात कोंबले जातात, आणि क्लिपची विंडो तर त्याहूनही लहान. सॉफ्टवेअर पिक्सेल न् पिक्सेल बघतं, तुम्ही बघत नाही. गडबड तिथे होते.

ब्लेंडर फुकट आहे, त्याचे पैसे आम्ही लावत नाही. त्यात ट्रॅकिंग 2011 सालच्या 2.61 आवृत्तीपासून आहे, म्हणजे चांगलं मुरलेलं काम आहे. 'फाइल'मधून 'न्यू' आणि 'व्हीएफएक्स' घेतलं की मोठी विंडो उघडते, ती मूव्ही क्लिप एडिटर. क्लिप आणली की आधी 'सेट सीन फ्रेम्स' दाबा आणि फ्रेम रेट जुळतोय का ते तपासा. ब्लेंडर मुळात 24वर असतं. तुमचा कॅमेरा 25वर, मोबाइल 30वर. हे राहिलं तर चित्र आणि आवाज शेवटी दोन वाटांनी जातात. मोबाइलची क्लिप असेल तर ती हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्या, कारण मोबाइल मध्येच रेट बदलतो.

मग 'पी' दाबा. फ्रेम मेमरीत भरल्या जातात आणि पुढे-मागे सरकवताना क्लिप अडखळत नाही. रॅम वाढवून घ्या असं आम्ही सांगतो ते यासाठीच, फक्त विकायचं म्हणून नाही!

आता मुख्य मुद्दा. बांधकाम व्यावसायिकांची कामं करणाऱ्यांकडे नेहमी येणारा शॉट घेऊ: ड्रोनने मोकळा प्लॉट टिपलाय आणि त्यावर इमारतीचं मॉडेल बसवायचंय. प्लॉटवर चुन्याची फक्की मारलेली असते. दोन रेघा जिथे काटकोनात मिळतात तो कोपरा मार्करसाठी सोन्यासारखा. स्क्रोल करून त्याच्या जवळ जा, मधलं बटण धरून चित्र सरकवा आणि कंट्रोल धरून क्लिक करा. दोन चौकोन असतात. आतला म्हणजे ओळखायची खूण, बाहेरचा म्हणजे पुढच्या फ्रेममध्ये ती शोधायची हद्द. बाहेरचा दिसत नसेल तर ऑल्ट आणि एस. ड्रोन वेगात वळत असेल तर बाहेरचा ओढून मोठा करा. आतला उगाच मोठा करू नका.

शेजारच्या पट्टीत छोटी प्रीव्ह्यू चौकट असते, तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. तिथे आर, जी, बी (लाल, हिरवा, निळा) अशी बटणं आहेत. लाल मातीवर पांढरा चुना असेल तर आर आणि जी बंद करून बघा: निळ्या चॅनलमध्ये माती काळवंडते आणि चुना उठून दिसतो. मात्र कमी उजेडातल्या क्लिपमध्ये निळ्यातच सगळ्यात जास्त दाणे येतात, तेव्हा हा उपाय नको.

आता मार्कर निवडलेला ठेवून 'एल' दाबा आणि कंट्रोल-टीने ट्रॅक करा. 'एल'मुळे मार्कर विंडोत जागच्या जागी राहतो आणि बाकीचं जग त्याच्याभोवती हलतं. चुन्याचा कोपरा आतल्या चौकोनात चिकटून बसलेला दिसला तर ट्रॅक पक्का. तो हळूहळू एका बाजूला सरकू लागला तर ट्रॅक घसरतोय, सॉफ्टवेअर थांबलं नसलं तरीही. घसरलेला ट्रॅक मध्येच तुटलेल्या ट्रॅकपेक्षा वाईट, कारण तुटलेला निदान दिसतो. जिथून घसरला त्या फ्रेमवर या, मार्कर हाताने जागेवर बसवा आणि तिथून पुढे पुन्हा चालवा. खूण कशाशी ताडून बघायची ते 'मॅच' हा पर्याय ठरवतो. तो 'प्रीव्हियस फ्रेम'वर, म्हणजे आधीच्या फ्रेमवर, असेल तर घसरण जास्त होते. 'कीफ्रेम'वर, म्हणजे तुम्ही हाताने मार्कर बसवलेल्या फ्रेमवर, ठेवलं तर ट्रॅक लवकर अडतो, पण प्रामाणिक राहतो.

फसवे कोपरे ओळखायला शिका. विजेची तार मागच्या इमारतीच्या कडेला छेदते तिथे झकास कोपरा दिसतो, पण तो खरा बिंदूच नसतो. कॅमेरा हलला की तार एकीकडे, इमारत दुसरीकडे. गाडीच्या काचेवरची चमक, नारळाच्या झावळ्या, वाळत घातलेले कपडे, सगळं त्याच माळेतलं.

ट्रॅकवरून कॅमेऱ्याची हालचाल काढायची, याला 'सॉल्व्ह' म्हणतात. त्यासाठी क्लिपमधल्या दोन फ्रेम कीफ्रेम म्हणून निवडलेल्या असतात, त्या दोन्हींवर किमान 8 समाईक ट्रॅक लागतात. सोय म्हणून पंधरा-वीस घ्या, आणि जवळचे, लांबचे असे विखरून. सॉल्व्हनंतर एरर एका पिक्सेलच्या आत आला तर कामाला लागा. जास्त असेल तर ग्राफ व्ह्यूमध्ये जा, तिथे प्रत्येक ट्रॅकची हालचाल रेघांनी दिसते. लाल रेघ आडवी हालचाल, हिरवी उभी. बाकीच्या कळपातून एखादी रेघ अचानक उसळलेली दिसली की तोच चोर. सगळे ट्रॅक पुसून नव्याने सुरुवात करू नका.

एवढं करूनही अडलात तर ब्लेंडरची फाइल आणि मूळ क्लिप पेन ड्राइव्हवर घेऊन या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली क्लिप दाबून बारीक झालेली असते, तिच्यावरून आम्हालाही काही सांगता येत नाही. गुरुवारी दुकान बंद असतं.