हिल किती कापता येते?

नाशिकच्या शालिमारजवळ बसणाऱ्या दुरुस्तीवाल्या काकांनी माझ्या भाचीला साफ सांगितलं, "अर्ध्या इंचाच्या वर कापणार नाही, ताई." लग्नासाठी घेतलेली तिची सँडल 8 सेंटीमीटर हिलची, तिला ती 5 वर आणून हवी होती. काका काम टाळताहेत असं तिला वाटलं. हिल म्हणजे टेबलाचा पाय, हवा तेवढा कापा, अशीच बहुतेकांची समजूत असते. पण काकांचंच बरोबर होतं, आणि का ते शाळेतल्या त्रिकोणमितीतून फार सुंदर उलगडतं.

सँडल कलबुतावर बेततात. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा साचा, आणि तो एका ठरावीक उंचीसाठीच घडवलेला असतो. उंच हिलच्या तळात, टाच आणि चवडा यांच्या मधे, सहसा एक पोलादी पट्टी असते, शँक. तिचा बाकही त्याच उंचीचा. शँक ताठ असते म्हणून आपल्या वजनाने सँडल मधे दबत नाही. पण त्यामुळेच हिल कापली तरी बाक तसाच राहतो आणि अख्खी सँडल चवड्यावर टेकून मागे कलते.

आता आकडे. टाचेपासून चवड्यापर्यंतचं तिरकं अंतर 16 सेंटीमीटर धरू. उंची 8, म्हणजे तळ आणि जमीन यांच्यातल्या कोनाचा साइन (उंची भागिले तिरकं अंतर) बरोबर अर्धा, कोन 30 अंश. 1 सेंटीमीटर कापला की साइन 7/16, कोन सुमारे 26 अंश. सँडल 4 अंश मागे फिरली. चवड्यापुढे टोक 7 सेंटीमीटर असेल तर ते अर्धा सेंटीमीटर उचललं जातं. एवढं चालून जातं. 3 सेंटीमीटर कापले तर कोन 18 अंशांवर येतो, फरक 12 अंशांचा, आणि टोक जवळजवळ दीड सेंटीमीटर हवेत! घरी करून पाहा: हिल टेबलावर ठेवून चवड्याखाली जाडसर वही सरकवा, टोक वर उठलेलं दिसेल.

दुसरी गंमत हिलच्या बुडाशी. सँडल मागे फिरली की बूडही तिरकं होतं, मागची कड आधी टेकते. म्हणून काप सरळ घ्यायचा नसतो. पुढून मागे 4 सेंटीमीटर लांबीच्या ब्लॉक हिलला, म्हणजे ठोकळ्यासारख्या जाड हिलला, 4 अंशांसाठी मागून जवळजवळ 3 मिलिमीटर जास्त काढावं लागतं. काकांनी हिलवर पेन्सिलने रेघ मारली ती मागे चढत गेलेली होती. साइनचं कोष्टक न पाहता, नजरेने.

ही रेघ मारायला सँडल उलटी धरावी लागते. उलटी चप्पल घरात भांडण लावते म्हणून ती लगेच सुलटी करणारे आजही पुष्कळ आहेत. चपलेचा आणि भांडणाचा काडीचा संबंध नाही. उलट तळ कुठे झिजलाय ते तिथेच दिसतं, तेव्हा खुशाल उलटी करून पाहा.

रोज उंच हिल घालणाऱ्यांना सपाट चपलेत पोटऱ्या ओढल्यासारख्या वाटतात, ते मात्र खरं आहे. 2010 सालच्या एका अभ्यासात अशा स्त्रियांच्या पोटरीचे स्नायुतंतू सुमारे 13 टक्के आखूड आणि टाचेमागची शीर जास्त ताठर आढळली होती.

भाचीने अर्धा इंचच कापून घेतला. काकांनी नवी रबरी टिप ठोकली, सँडल फरशीच्या तुकड्यावर ठेवली आणि टाचेवर बोट दाबून पाहिलं. सँडल डुलली नाही. मग त्यांनी दुसऱ्या पायाची हातात घेतली.