राजीनामा : संमतीच्या लेखाचे पदत्यागात रूपांतर

राजस्थान किंवा हरियाणातील हिंदी वृत्तपत्रात लोकअदालतीच्या बातमीत ‘दोन्ही पक्षांमध्ये राजीनामा झाला’ अशा अर्थाचे वाक्य आले, की मराठी वाचक क्षणभर अडखळतो आणि कोणी कशाचा राजीनामा दिला हे शोधू लागतो. तेथे कोणीच पद सोडलेले नसते. वादी आणि प्रतिवादी यांनी आपसांत समेट केलेला असतो. हिंदीत पद सोडण्याला ‘इस्तीफा’ म्हणतात आणि ‘राजीनामा’ तडजोडीसाठी वापरतात. शब्दाचे मूळ पाहिले, तर या बाबतीत हिंदीचा वापरच त्याला अधिक धरून आहे, हे मान्य करावे लागते.

‘राजी’ हा अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेला शब्द असून त्याचा अर्थ संतुष्ट, कबूल किंवा तयार असा आहे. राजाशी त्याचा काहीही संबंध नाही. ज्या अरबी धातूपासून तो आला, त्याच धातूपासून ‘मर्जी’ आणि ‘रजा’ हे शब्दही आले आहेत, तर ‘नाराज’ हे त्याला फारसी नकार लागून झालेले रूप आहे. (‘इतराजी’ याच घरातली वाटते, पण तिचे मूळ आक्षेप या अर्थाच्या वेगळ्या अरबी शब्दात आहे.) ‘नामा’ म्हणजे लेख किंवा पत्र. करारनामा आणि जाहीरनामा यांत तो आहेच, आणि ‘पंचनामा’ या शब्दात तर आपण तो थेट आपल्या पंचांना जोडला आहे. तेव्हा राजीनामा म्हणजे संमतीचा लेख, एवढाच त्याचा सरळ अर्थ होतो.

मराठेशाहीतील न्यायदानात तो याच अर्थाने येतो. वतनाचा किंवा वाटणीचा तंटा पंचांपुढे आला, की दोन्ही पक्षांकडून आधी राजीनामा आणि जामीन घेतला जाई. पंच जो निवाडा करतील तो आपणांस मान्य असेल, असे वादी-प्रतिवादी या लेखात लिहून देत. त्यानंतर दोघांच्या तकरिरी, म्हणजे जबाब, होत. साक्षीपुरावा पाहिला जाई. आणि निकाल लागल्यावर हरलेल्या पक्षाकडून येजितखत, म्हणजे हार मान्य केल्याचा कागद, घेतला जाई. निवाड्याचे बळ बऱ्याच अंशी पक्षकारांच्या संमतीवर उभे असल्यामुळे ‘हे पंच मला मान्य नव्हते’ असे हरणाऱ्याला मागाहून म्हणता येऊ नये, यासाठी वादाच्या आरंभीच राजीनामा घेण्याची ही दक्षता होती. आज जो कागद संबंध संपवतो, तो त्या काळी कामकाज सुरू करीत असे.

इंग्रजी अमलात हा शब्द कामाच्या शेवटाकडे सरकला. आपल्या तक्रारीचे समाधान झाले असून आता काही मागणे उरलेले नाही, असे फिर्यादी लिहून देई, तोही राजीनामाच म्हटला जाई. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत तो जमिनीलाही लागू झाला. खातेदाराला शेत सोडायचे असेल तर तो मामलतदाराकडे राजीनामा देई आणि ते शेत घेणारा नवा खातेदार सारा भरण्याची कबुलायत लिहून देई. हे दोन कागद इतके जोडीने चालत, की ‘राजीनामा-कबुलायत’ हा जमीन हस्तांतराचा एक प्रकारच समजला जाऊ लागला. या जोडीत राजीनामा म्हणजे सोडणे आणि कबुलायत म्हणजे घेणे, अशी अर्थाची विभागणी झालेली स्पष्ट दिसते. दावा सोडणारा, शेत सोडणारा आणि चाकरी सोडणारा हे तिघेही ‘माझा आता हक्क राहिला नाही, आणि हे मला कबूल आहे’ असेच लिहून देतात. तेव्हा नोकरीपर्यंत यायला या शब्दाला फारसे अंतर तोडावे लागले नसावे, असे मला वाटते. ‘रजा’ या शब्दाची वाटही काहीशी अशीच आहे: मुळात ती धन्याची संमती, आणि आज कचेरीतील गैरहजेरी.

पदत्यागाचा हा अर्थ एकट्या मराठीत नाही. गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि थेट नेपाळीतही राजीनामा म्हणजे पद सोडणे. कन्नड आणि तेलुगूत तर नुसता ‘राजी’ म्हणजे तडजोड आणि ‘राजीनामा’ म्हणजे पदत्याग, असे जुने-नवे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी नांदतात, तर मल्याळम भाषेत ‘राजी’ एवढ्यानेच पदत्यागाचे काम भागते.

महाराष्ट्राच्या स्मरणात राहिलेले राजीनामे मात्र बहुधा नाराजीचे आहेत. मुंबईच्या प्रश्नावरून चिंतामणराव देशमुख यांनी 1956 मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, तो सरकारचा निर्णय मान्य नसल्यामुळेच. साध्या नोकरीच्या अर्जातही लिहिणारा ‘स्वखुशीने राजीनामा देत आहे’ असे आवर्जून लिहितो, कारण ‘राजी’मधली खुशी आता कोणाला ऐकू येत नाही. कायद्याला मात्र तिची आठवण ठेवावी लागली आहे. खासदार-आमदारांकडून दबावाने राजीनामे लिहून घेतले जाण्याच्या तक्रारींनंतर 1974 मध्ये 33वी घटनादुरुस्ती झाली आणि राजीनामा स्वेच्छेने दिलेला किंवा खरा नाही, अशी खात्री झाल्यास सभागृहाच्या अध्यक्षांनी किंवा सभापतींनी तो स्वीकारू नये, अशी तरतूद संविधानात आली.