ईल नदीकाठची गस्त (१७९०)

अमेरिकेच्या वायव्य सीमेवरील युद्धात मायामी या मूळनिवासी जमातीच्या योद्ध्यांनी १९ ऑक्टोबर १७९० रोजी उधळून लावलेली अमेरिकी लष्कराची टेहळणी. हे ठिकाण इंडियाना राज्यातील सध्याच्या फोर्ट वेन शहराच्या वायव्येस आहे.

जनरल जोसाया हार्मर सुमारे १,४५० जणांची फौज घेऊन केकिओंगा या मायामी वस्तीवर चालून गेला. त्यांत खडे (कायमच्या लष्करातले) सैनिक ३२०. बाकीचे मिलिशियाचे, म्हणजे नागरिकांतून तात्पुरत्या उभारलेल्या दलाचे, अनेक जण अगदी नवखे, काहींच्या बंदुकाही नादुरुस्त. वस्ती ओस पडलेली सापडली. लोक कुठे गेले याचा माग काढायला गस्ती सुटल्या. पहिली गस्त दोघांना मारून त्याच दिवशी परतली. ते न रुचल्याने कर्नल जॉन हार्डिन दुसऱ्या दिवशी स्वतः निघाला. बरोबर सुमारे १८० माणसे, त्यांत कॅप्टन जॉन आर्मस्ट्राँगचे ३० खडे सैनिक. वाटेतल्या मुक्कामावर एक कंपनी चक्क मागे विसरली गेली.

मायामींचा सरदार लिटल टर्टल (मिशिकिनाक्वा) याचे योद्धे दबा धरून बसले होते. गोळीबार सुरू होताच बहुतेक मिलिशिया पळाली. खडे सैनिक जागीच उभे राहिले आणि त्या तिसांतले वीसहून अधिक मारले गेले.

आर्मस्ट्राँग दलदलीत शिरला. हनुवटीपर्यंत पाण्यात, डोके गवताच्या झुबक्याआड. ऑक्टोबरची थंड रात्र त्याने तशीच काढली. जवळच योद्ध्यांचा विजयोत्सव चालला होता, असे सांगतात. एन्साइन (कनिष्ठ अधिकारी) एसा हार्ट्सहॉर्न पळताना ओंडक्याला अडखळून पडला आणि त्याच्याच आडोशाने वाचला. छावणीच्या लेखी तोवर हे दोघेही गेल्यातच जमा होते. सीमेवरच्या लढायांत मृतदेह शत्रूच्या ताब्यात राहत, म्हणून ‘ठार’ आणि ‘बेपत्ता’ यांची मोजणी बहुधा एकत्रच होई. हार्मरच्या संपूर्ण मोहिमेचा असा एकत्रित आकडा सुमारे १८० आहे. हार्मरने जाळलेली गावे आणि नासवलेला सुमारे २०,००० बुशेल (धान्य मोजण्याचे माप) मका यांचा हिशेब त्याच्याशेजारीच मांडायला हवा, कारण योद्धे आपल्या घरादारासाठी लढत होते.

हार्ट्सहॉर्न १७९४ मध्ये फोर्ट रिकव्हरीच्या लढाईत मारला गेला. हार्डिनला १७९२ मध्ये तहाची बोलणी करण्यासाठी याच मुलुखात पाठवण्यात आले. वाटेतच त्याची हत्या झाली आणि ती बातमी पोचायला बरेच दिवस लागले.