साउंड शिकायला कॉलेजात जायचंय? मग अकरावीच्या फॉर्मपासूनच बघा

आपल्या धुळे-जळगाव-नंदुरबारकडे गावोगाव अशी पोरं आहेत, कोणी बँडमध्ये पॅड वाजवतं, कोणी लॅपटॉपवर अहिराणी गाण्याचा ट्रॅक बनवतं, कोणी लग्नसराईत साउंडवाल्याच्या गाडीवर मिक्सर सांभाळतं. यातल्या कोणाला रेकॉर्डिंग, मिक्सिंग, साउंड डिझाइन हे रीतसर शिकायचं असेल तर काय लागतं, कधी लागतं, ते लिहितोय. कारण माझ्या भाच्याला हे वेळेवर कोणी सांगितलं नाही, मी पण नाही.

भाच्याचा कान लहानपणापासून तयार. दहावीनंतर कॉमर्स घेतलं, घरात सगळे म्हणाले संगीतच करायचंय तर सायन्सची डोकेफोड कशाला. बी.कॉम. झाल्यावर पुण्याच्या एफटीआयआयचा, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचा फॉर्म भरायला बसलो आणि साउंड रेकॉर्डिंग अँड साउंड डिझाइनची पात्रता वाचली. पदवी कुठल्याही शाखेची चालते, पण बारावीला फिजिक्स पाहिजे. तो माझ्याकडे बघून म्हणे, "मामा, आते काय करानं?"

म्हणून दहावीच्या पोरांच्या आईबापांनो, आता अकरावीची ऍडमिशन राज्यभर ऑनलाइन झालीय, कॉलेजांचे पसंतीक्रम भरायच्या आधी हे एकदा वाचा. पोराला साउंडमध्ये जायचं असेल तर सायन्सला टाका, फिजिक्स ठेवा, जमलं तर गणित पण.

आणि ही अट उगाच नाहीये. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, आपल्याकडच्या ४० डिग्रीच्या उन्हात ३५५ च्या आसपास. मैदानातल्या कार्यक्रमाला स्टेजपासून ३४ मीटर मागे दुसरे स्पीकर लावले तर स्टेजचा आवाज तिथे पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि मागच्या स्पीकरला तेवढा डिले (उशीर) दिला नाही तर गाणं दोनदा ऐकू येतं. ढोलकीला दोन माइक लावले की कधीकधी आवाज भरायच्या ऐवजी पोकळ होतो, तो फेजचा खेळ, म्हणजे दोन माइकमधल्या लहरी एकमेकींना मारतात. हे सगळं फिजिक्सच आहे, पोरं हाताने करतात पण का होतं ते माहीत नसतं.

आता एफटीआयआयची प्रोसेस. केंद्र सरकारची संस्था, १९६० ची, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत. फॉर्म ऑनलाइन, मग लेखी परीक्षा, त्यात निवड झाली तर पुढच्या टप्प्यात इंटरव्ह्यू वगैरे. जागा मोजक्याच. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तरी फॉर्म भरता येतो, निकाल नंतर दिलेल्या मुदतीत द्यायचा. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची संस्था आहे तिथेही साउंड शिकवतात. माहितीपत्रक दरवर्षी नवीन येतं, मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबू नका.

कागदांमध्ये खरी गडबड जातीच्या दाखल्यात होते. केंद्राच्या संस्थेला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा नॉन-क्रिमिलेअर तिथे चालत नाही, आणि बहुतेक ठिकाणी तो चालू आर्थिक वर्षातला मागतात. सेतूवर अर्ज करतानाच "केंद्राचा नमुना" म्हणून स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचाच निघतो. वर्षाला ८ लाख उत्पन्नाची मर्यादा आहे पण त्यात शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत, त्यामुळे केळी-कापूसवाल्यांनी आधीच हार मानू नका. ईडब्ल्यूएसला (आर्थिक दुर्बल घटक) मात्र उलटं, तिथे शेतीचं उत्पन्न पण मोजतात आणि घरात ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असली की बाद. एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) राज्यापुरतं आहे, केंद्रात उपयोग नाही. नंदुरबारकडच्या आदिवासी पोरांनी जात पडताळणीचा अर्ज बारावीतच टाकावा, समितीकडे वेळ लागतो. स्कॉलरशिपसाठी महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, आधार जोडलेलं बँक खातं लागतं.

अजून एक, दिसायला छोटं. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, कुठे वडिलांच्या नावापुढे "भाऊ" किंवा "राव" लागलेलं. सगळीकडे दहावीसारखं नाव करून घ्या, भाच्याच्या आधार दुरुस्तीतच आमचे बरेच दिवस गेले.

फिजिक्स राहून गेलं असेल तर? एनआयओएस, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेतून बारावी स्तराचे सुटे विषय देता येतात, फिजिक्स पण, प्रॅक्टिकलसकट. भाचा सध्या तेच करतोय. पण ज्या संस्थेत जायचंय तिला आधी ईमेल करून विचारा की असं फिजिक्स मान्य आहे का, आणि उत्तर लेखी घ्या, फोनवरचं "हो हो चालतं" धरू नका.

फिजिक्सशिवायही रस्ते आहेत. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र संगीतात पदवी देतं, पण तिथे गाणं-वाजवणं मुख्य, स्टुडिओ नाही. चेन्नईला ए. आर. रहमान यांनी २००८ ला सुरू केलेलं केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे, तिथे म्युझिक टेक्नॉलॉजी शिकवतात, फी मात्र विचारूनच पाऊल टाका. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या असतील, मध्यमा असो की विशारद, ती सर्टिफिकेटं फाइलमध्ये ठेवा, संगीताचा पाया दाखवायला कामी येतात.

इंग्लंडचं कोणी विचारतं म्हणून थोडक्यात सांगतो. तिथे पदवीसाठी यूकॅस नावाच्या एकाच पोर्टलवरून अर्ज जातो, ५ पर्याय देता येतात, साधारण जानेवारीपर्यंत. सरे विद्यापीठाचा टोनमाइस्टर हा साउंडचा जुना नावाजलेला कोर्स, १९७० पासूनचा. व्हिसाला राहण्याखाण्याचे पैसे खात्यात सलग २८ दिवस दाखवावे लागतात, आणि भारतातून जाताना टीबीची तपासणी पण लागते. कापूस विकल्यावर एकदम पैसे टाकून दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला असं तिथे चालत नाही.